लाट पुढे जाते, पाणी जागेवरच

आम्ही तिघे भावंडे. ताई सर्वांत थोरली, तिच्या पाठीवर दोन भाऊ. हा लेख तिघांनी एकत्र बसून, एकमेकांच्या चुका काढत लिहिला आहे. म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. विषय शाळेच्या पुस्तकातला, लाटांचा आहे. पण आमच्या घरात तो पुस्तकातून आला नाही. तो आमच्या वडिलांच्या कानांमुळे आला.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. शिक्षण चौथीपर्यंतचे. पण लाट म्हणजे काय हे आम्हांला आधी त्यांनी शिकवले, गुरुजींनी नंतर.

साल १९७७ असेल. आम्ही खोपटला चाळीत राहत होतो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी खेळत असताना आमचा रबरी चेंडू पाण्यात गेला. काठापासून फार तर दोन पुरुष लांब. पोहता कुणालाच येत नव्हते. मग प्रत्येक पोर अशा वेळी जी युक्ती करते तीच आम्ही केली. चेंडूच्या पलीकडे दगड टाकायचे, म्हणजे लाटा उठतील आणि चेंडूला काठाकडे ढकलत आणतील. आम्ही दगड टाकले, खापऱ्या टाकल्या, अर्धी वीट टाकली. लाटा छान उठल्या. एकामागून एक काठाला येऊन लागल्या. चेंडू मात्र होता तिथेच वरखाली होत राहिला.

दादा पहिली पाळी करून घरी येत होते. मागे उभे राहून ते बराच वेळ आमची गंमत बघत होते. मग म्हणाले, "पोरांनो, दगडं टाकून चेंडू यायचा न्हाई."

आम्ही म्हणालो, "दादा, लाट तर येते की काठापर्यंत!"

"लाट येती. पाणी कुठं येतंय? त्या चेंडूकडं नीट बघा. लाट खाली आली की वर उठतो, लाट गेली की खाली बसतो. पाणी बी तसंच जागच्या जागी उठतं-बसतं. फुडं जातो तो निसता धक्का."

एवढे बोलून त्यांनी कुठूनसा बांबू आणला आणि चेंडू ओढून काढला. घरी जाताना आम्हांला चेंडूपेक्षा त्या बोलण्याचे नवल वाटत होते.

पुढे शाळेत गुरुजींनी हीच गोष्ट पुस्तकी शब्दांत सांगितली. लाट, म्हणजे तरंग, ऊर्जा वाहून नेतो. पदार्थ वाहून नेत नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब लाट आली की एका लहानशा वर्तुळात फिरतो आणि जवळजवळ आपल्या जागी परत येतो. जाता जाता आपली ताकद शेजारच्या थेंबाला देतो. शेजारचा त्याच्या शेजारच्याला. दगड पडला तेव्हा त्याच्या पडण्यात जी ताकद होती, ती अशी हातोहात काठापर्यंत पोहोचते आणि तिथले सुके पान हलवते. पान हलवणे हे कामच आहे. आणि काम करण्याची ताकद म्हणजेच ऊर्जा.

ज्यांना तलाव लांब पडतो त्यांनी नळावरची रांग आठवावी. त्या काळी नळाला पाणी यायची वेळ झाली की रांगेत मागून कुणीतरी ढकलायचे. प्रत्येक बाई पुढच्या बाईवर कलायची आणि पुन्हा आपल्या जागी उभी राहायची. मागची बाई मागेच, पुढची पुढेच. पण ढकला मात्र रांगभर धावत जाऊन नळाखालच्या हंड्याला लागायचा. हवेतून आवाज जातो तो नेमका असाच. हवेचे कण दाटतात, विरळ होतात, पुन्हा दाटतात, आणि तो ढकला आपल्या कानापर्यंत येतो. बोलणाऱ्याच्या तोंडातली हवा काही आपल्या कानात येत नाही.

खिडकीच्या गजाला दोरी बांधून झटका दिला, तर दोरीवरून जाणारी लाट वेगळी दिसते. तिथे दोरी वरखाली हलते आणि लाट आडवी पुढे पळते. एकात कण लाटेच्याच दिशेने मागेपुढे होतात, दुसऱ्यात आडवे हलतात. लाटांच्या या दोन मुख्य जाती. पाण्यावरच्या लाटेत दोन्हींचे मिश्रण असते. पण तिन्हींत धर्म एकच: वस्तू जागेवर, ताकद वाटेवर.

लाट किती ताकद नेते हे तिच्या उंचीवर ठरते, आणि इथे एक हिशेब आहे जो आम्हांला फार उशिरा कळला. त्याच ठेक्याची लाट दुप्पट उंच झाली तर तिची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट उंच झाली तर नऊपट. म्हणून मोठ्या लाटेशी, मोठ्या आवाजाशी 'थोडे जास्त आहे, चालेल' असे म्हणून चालत नाही.

खोपटला राहणाऱ्यांना एसटी डेपो सांगायला नको. पहाटेच्या गाड्या सुरू होऊन इंजिने तापायला लागली की आमच्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या आपोआप वाजू लागायच्या. बारीक, सलग, डासासारखा आवाज. ड्रायव्हरने जरा गाडीचा जोर वाढवला की ताटल्या गप्प व्हायच्या आणि डब्याचे झाकण वाजायला लागायचे. आई अर्धवट झोपेत म्हणायची, "लागली गाडी." आमच्या घराला गजराचे घड्याळ लागले नाही ते या ताटल्यांमुळे.

याचे कारणही सोपे आहे. प्रत्येक वस्तूचा हलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. झोपाळ्याला त्याच्या ठेक्याला धरून हलके हलके ढकलले तरी तो उंच जातो. भलत्या वेळी ढकलले तर थांबतो. इंजिनाचा ठेका जमिनीतून आणि हवेतून आमच्या मांडणीपर्यंत यायचा. ज्या भांड्याचा ठेका त्याच्याशी जुळायचा तेच वाजायचे. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. मुद्दा हा की डेपोतून आमच्या घरापर्यंत कोणतीच वस्तू आलेली नसे. तरी ताटली हलायची. म्हणजे कुणीतरी तिला हलवण्याची ताकद तिथून इथवर आणून दिलेली असायची.

दादांना हा धडा ठाण्यात नव्हे, गावी मिळाला होता. आमचे गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या पुढे, कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाहून अधिक होती आणि सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. कोयनानगर आणि आजूबाजूच्या गावांत घरे बसली. दादा सांगतात, "आधी खालनं गडगड आली, मोटार आल्यासारखी. मी उठून बसलो, तंवर घर हेलकावलं." भिंत पडली, आजी वाचली, बैल गेला. नंतर ठाण्या-मुंबईतली गाववाली माणसे धावत गावी आली. ती म्हणाली, हादरा आम्हांलाही तिकडे जाणवला. तेव्हा दादांना नवल वाटले, की हादरा इतक्या लांब गेला आणि आमच्या वावराचा बांध मात्र आहे तिथेच आहे.

आज आम्हांला माहीत आहे की भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या निघतात. पहिली नळाच्या रांगेसारखी, मागेपुढे ढकलणारी. ती खडकातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर जाते. दुसरी दोरीसारखी, आडवे हलवणारी. ती मागून येते, पण घरे पाडते ती बहुधा तीच. दादांनी आधी ऐकलेली गडगड पहिलीची, आणि घर हेलकावले ते दुसरीने. कोयनेची जमीन मुंबईला गेली नाही. कोयनेचा धक्का गेला.

घर पडल्यावर पुढच्या वर्षी दादा ठाण्याला आले. वागळे इस्टेटमध्ये एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि पुढे पॉवर प्रेसवर ऑपरेटर झाले. कारखान्याचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. पत्र्याचे छप्पर, पत्र्याच्या भिंती, आत ओळीने प्रेस. डायवर पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येणार, धाडकन आवाज, तुकडा निघणार. मिनिटाला कित्येक वेळा, दिवसभर. ओव्हरटाइम असला की रात्रीपर्यंत.

त्या दिवसांत त्यांचे कान चांगले होते. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावर वीज चमकली की आम्हांला मोजायला लावायचे. एक, दोन, तीन... गडगडाट येईपर्यंत. मग म्हणायचे, "तिनानं भागा." आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. पंधरा आकडे झाले तर वीज पाच किलोमीटरवर. उजेड मात्र लगेच दिसतो, कारण तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. उजेड ही सुद्धा लाटच आहे, पण तिला ना पाणी लागते ना हवा. सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून ती सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत येते आणि आईने गच्चीत घातलेले पापड वाळवते. आवाजाला मात्र हवा, पाणी, भिंत असे काहीतरी लागतेच.

आम्ही हळू ओरडलो काय आणि मोठ्याने ओरडलो काय, आवाज पोहोचायला वेळ तेवढाच लागतो. जोराने वेग वाढत नाही, ताकद वाढते. आणि त्या ताकदीनेच दादांचे कान खाल्ले.

ते आमच्या लक्षात कसे आले, ते लिहिताना आजही वाईट वाटते. १९८८ साली ताईला बघायला पाहुणे आले होते. चहा झाला. मुलाच्या मामांनी दादांना विचारले, "मुलगी किती शिकली?" दादा म्हणाले, "तीन असतात, पण मी पहिलीला जातो." त्यांना 'किती शिफ्ट' असे ऐकू आले होते. पाहुणे हसले. आम्हीही हसलो. आईने बाजू सांभाळून घेतली. दादा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर ते बराच वेळ डेपोच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

त्याच्या आधी कित्येक वर्षे खुणा दिसत होत्या. आम्हीच त्या पाहिल्या नाहीत. रेडिओ मोठा लावायचे. कुकरची शिटी त्यांना कळायची नाही. कुणी पाठीमागून बोलले तर वळायचे नाहीत. आई म्हणायची, "मुद्दाम करतात." चाळीतली माणसे म्हणायची, मोठ्याने हाक मारली तर ऐकू येते, म्हणजे कान ठीक आहेत, लक्षच नसते. आम्हीही चिडून ओरडत असू. मग ते म्हणायचे, "वरडू नका रं, ऐकू येतंय. समजत न्हाई."

या एका वाक्यात सगळा रोग होता. डॉक्टरांनी गुबगुबीत भिंतींच्या लहान खोलीत बसवून तपासणी केली आणि कागदावर आलेखाची रेघ काढून दाखवली. जाड, खर्जातल्या आवाजांसाठी रेघ बऱ्यापैकी वर होती. बारीक आवाजांकडे, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास, ती विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. स, श, ट, फ, थ हे वर्ण ओळखायला बारीक आवाजच लागतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येते, काय बोलतोय ते लागत नाही. बायका-मुलांचे बोलणे तर आधी जाते. ढगाचा गडगडाट दादांना आजही ऐकू येतो. चिमणी कित्येक वर्षांत ऐकू आलेली नाही.

डॉक्टरांनी कानाची रचना समजावली ती अशी. आवाजाची लाट पडद्यावर आपटते. पडदा तीन इवल्या हाडांना हलवतो. ती हाडे आतल्या शंखासारख्या पोकळीतल्या पाण्याला हलवतात. त्या पाण्यात केसासारख्या अतिसूक्ष्म तारा असलेल्या पेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. पाणी हलले की त्या तारा वाकतात आणि मेंदूला खबर देतात. म्हणजे सिद्धेश्वर तलाव आणि काठचे पान, तोच खेळ कानातही.

भाताचे शेत वाऱ्याने वाकते आणि पुन्हा उभे राहते. पण तेच शेत रोज तुडवले तर उठत नाही. कानातल्या पेशींचेही तसेच आहे. पाखरांच्या कानात त्या पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. गेली ती गेली. कानाचे मशीन लावले तर आवाज मोठा होतो, पण मेलेली पेशी जिवंत होत नाही. दादांनी मशीन लावून पाहिले. त्यांना सगळाच गोंगाट मोठा ऐकू यायला लागला. चार महिन्यांनी ते पेटीत गेले. ज्यांना मशीनने फायदा होतो त्यांनी जरूर वापरावे. अशी माणसेही पुष्कळ आहेत.

आता हिशेब. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे मोजमाप आपल्याला फसवते. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली. नुसते ३ वाढले तरी दुप्पट. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास. ९० म्हणजे त्याच्या दीडपट वाटेल, पण ताकद आहे हजारपट. १०० म्हणजे दहा हजारपट. तरीही या सगळ्या आवाजातली ऊर्जा तशी थोडीच असते. ९० डेसिबलच्या आवाजात एक चौरस मीटर जागेवर वॅटचा हजारावा हिस्सा पडतो. त्यावर दिवा लागणार नाही. पण निसर्गाने कान घडवला तो पान पडल्याचाही आवाज ऐकण्यासाठी. सराफाच्या काट्यात कुणी दगड टाकले तर काट्याचे काय होईल?

उघड्या मैदानात आवाजापासून दुप्पट लांब गेलो तर ताकद चौथा हिस्सा उरते, कारण तीच ऊर्जा चौपट जागेत पसरते. पत्र्याच्या बंद शेडमध्ये ही सूट मिळत नाही. लाट भिंतीवर आपटून परत येते, पुन्हा पुन्हा कानावर पडते.

आणि वेळ. कानाला होणारी इजा ताकद आणि तास या दोन्हींवर असते. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली. आरोग्याचे जाणकार तर ८५ च्या वर जाऊ नका असे सांगतात. आठाचे बारा तास केले तर कानावर पडणारी ऊर्जा दीडपट होते. आठ तासांच्या दिवसामागे थकलेल्या अंगाचा विचार आहे हे आपल्याला माहीत असते. १९४६ साली बाबासाहेब मजूर खात्याचे काम पाहत असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा झाला. त्या सहा तासांत कामगाराचा कानही वाचतो, हे आम्हांला दादांच्या आलेखाने शिकवले. दादांनी ओव्हरटाइम केला तो आमच्या फीसाठी. हा हिशेब आम्ही कधी विसरणार नाही.

आवाजाने आलेला बहिरेपणा कारखाना कायद्यातल्या रोगांच्या यादीत घातला गेला होता. म्हणजे पाहुणे हसले त्याच्या आधीच. आम्हांला कुणी सांगितले नाही आणि आम्ही कुणाला विचारले नाही. आम्हांला कळले तोवर कारखान्याला कुलूप लागले होते आणि दादांच्या हातात पगाराच्या काही जुन्या चिठ्ठ्यांखेरीज एकही कागद नव्हता. म्हणून वाचकांना सांगणे आहे: घरातले कुणी गोंगाटाच्या कामावर असेल तर कामाला लागतानाच कानांची तपासणी करून तो कागद जपून ठेवावा, आणि दरवर्षी पुन्हा करावी. पुढे काही मागायची वेळ आली तर पहिला कागद लागतो.

दादा आम्हांला शिकवायचे, आणि एकदा उलटेही झाले. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली. टीव्हीवर तमिळनाडूचा किनारा दाखवत होते. दादांनी विचारले, "भूकंप कुठं झाला म्हणतात?" आम्ही पाटीवर लिहिले: सुमात्रा. मग नकाशा दाखवला. ते म्हणाले, "एवढं पाणी तिथनं इथं आलं?" आम्ही पाटीवर चेंडू काढला, खाली लाट काढली. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "व्हय. धक्का आला."

खोल समुद्रात ती लाट मीटरभरही उंच नसते. जहाजाला कळतही नाही. पण चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने जाते आणि तळापासून वरपर्यंतचे सारे पाणी हलवत जाते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की तिचा वेग कमी होतो आणि तीच ताकद थोड्या पाण्यात मावेनाशी होऊन उंची वाढते. तिथे मग लाट फुटते आणि पाणी खरोखरच पुढे, गावात घुसते. भारतात त्या दिवशी दहा हजारांहून अधिक माणसे गेली. सुमात्राचे पाणी आले नव्हते. सुमात्राजवळचा धक्का दोन-अडीच तासांत आला आणि त्याने इथलेच पाणी उचलून फेकले.

आता शेवटचे, आणि थोडे कडू. दादांना कारखान्याने बहिरे केले तेव्हा त्यांच्यापुढे निवड नव्हती. आज आपली मुले हौसेने बहिरी होत आहेत. मिरवणूक कुणाचीही असो, पुढे भिंतीएवढे स्पीकर लावलेला ट्रक असतो. त्यांचे खर्जातले ठोके सेकंदाला पन्नास कंपनांचे धरले तर एकेक लाट सात मीटर लांबीची होते. असली लांब लाट कोपऱ्यावरून वळते, भिंतीतून पार होते. म्हणून लांबून आपल्याला गाण्याचे शब्द येत नाहीत, नुसते धमधम येते आणि खिडकीची काच थरथरते. चाळीतल्या ताटल्या हलायच्या त्याच नियमाने आज छाती हलते. लाट कुणाचा झेंडा आहे ते बघत नाही. स्पीकरसमोर नाचणारा पोरगा आपला आहे म्हणून ती त्याचा कान सोडत नाही. ट्रकच्या अगदी पुढे, बापाच्या खांद्यावर बसवलेली दोन-तीन वर्षांची लेकरे आम्ही दरवर्षी पाहतो. निदान त्यांना तरी मागे न्यावे. लांब उभे राहणे फुकट आहे.

कारखान्यात असो की रस्त्यावर, खूण एकच लक्षात ठेवावी. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे. घरी आल्यावर कानात शिटी वाजत राहिली, आवाज दबल्यासारखा झाला, तर पेशी मार खाऊन आल्या आहेत असे समजावे. रात्रभरात बरे वाटते, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. दादाही असेच जात राहिले. कानात कापसाचा बोळा घातल्याने फारसे काही अडत नाही. कानात नीट बसणारे प्लग किंवा कानावरचे मफ लागतात.

ताईचा मुलगा मागच्या महिन्यात डोंबिवलीला एमआयडीसीत कामाला लागला. काम मशीन शॉपमध्ये आहे. कंपनीने त्याला मफ दिले आहेत. तो ते दाखवायला घरी घेऊन आला आणि हसत म्हणाला, "आजोबा, हे घातल्यावर मी हेडफोन लावल्यासारखा दिसतो. पोरं चिडवतात."

दादांना किती ऐकू आले माहीत नाही. त्यांनी मफ हातात घेतले, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले, आणि नातवाच्या कानांवर चढवले. एका बाजूला केसांची बट आत अडकली होती, फट राहत होती. थरथरत्या बोटांनी ती बट त्यांनी बाहेर काढली आणि मफ नीट दाबून बसवले.

"चिडवू दे," ते म्हणाले. "सुट्टी हुईस्तवर काढायचं न्हाई."